समीक्षाची जपानी हजेरी

मेलबर्न, रविवार

आई,
गजेंद्रचा परदेशातून पण गावरान जयभीम. गुडघ्याला तेल लावून राह्यली ना?

फोनवर ‘सगळं बरं आहे’ म्हणायचो, ते खोटं होतं. समीक्षा शाळेत दोन महिने एक शब्द बोलली नव्हती. डॉक्टरला दाखवा, असं शाळेवाले म्हणाले.

इथे प्राथमिक शाळेत गाण्याला वेगळ्या बाई, खेळाला वेगळे सर, जपानीला वेगळ्या बाई. आपल्या इंझोरीत उकंडराव गुरुजी एकटेच सगळं शिकवत, वर खिचडीची चवही बघत. पण पोरगी गाण्यात गप्प, खेळातही गप्प.

मंगळवारी जपानीच्या बाईंनी हजेरी घेतली. ‘‘समीक्षा?’’

‘‘हाय!’’

जपानीत ‘हो’ला ‘हाय’च म्हणतात. बाई म्हणाल्या, उच्चार वर्गात हिचाच उत्तम! याच ‘हाय’साठी मी शहाणा तिला ‘आहे म्हण’ म्हणून रागवायचो.

घरी विचारलं, ‘‘बोलली कशी गं?’’

‘‘बाबा, सगळेच हाय हाय म्हणून राह्यले होते. मले वाटलं, आपल्याकडचेच हायेत.’’

गुरुवारी गाण्याच्या बाईंची चिठ्ठी आली: तुमची मुलगी वर्गात फार बोलते. ती चिठ्ठी मी खिशात घालून शुक्रवारी ऑफिसभर दाखवत फिरलो.

तुझा,
गजेंद्र