घाटातला ओटा आणि तीस वर्षांचा नकाशा

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आता मला माझ्याच खोकल्यात ऐकू येतो. तुला अक्षर येत नव्हतं, मलाही येत नाही. म्हणजे हे लिहिणार माझे जावई आणि वाचणारही तेच. कमेटीत कारकून आहेत, कागदही कमेटीचाच उचलून आणलाय. मान खाली घालून लिहितायत, लिहू देत. माझी चीड त्यांच्या हातून कागदावर उतरली तर बिघडत नाही, कारण त्यातली थोडी त्यांच्यावरच आहे.

आपल्या पेठेच्या कमेटीनं पुढच्या तीस वर्षांच्या वाटा ठरवल्या. आधी धारूरचा घाट रुंद करून गाडीवाट, मग मोटारी, मग म्हणे आगगाडी. शेठ, पाटील, मौलवीसाहेब, सगळ्यांचं एकमत! ह्याच माणसांचं हौदाला पायऱ्या कुठल्या बाजूनं कराव्यात यावर दोन उन्हाळे भांडण चाललं होतं. अडचण एकच निघाली, घाटातल्या वळणावरचा आपला ओटा. तो फोडल्याशिवाय तिथून गाडी वळत नाही.

तुला ओटा सांगायला नको, पण कमेटीला सांगावा लागला. मडक्यांची पाटी डोक्यावर चढवायला एक हात दुसऱ्याचा लागतो आणि उतरवायलाही लागतो. घाटात एकटीला तो कुठून मिळणार? म्हणून तो खांद्याएवढा दगडी ओटा. गुडघे जरा वाकवून पाटी त्याच्यावर सरकवली की मान मोकळी. मी नऊ-दहा वर्षांची आहे, तुझ्या मागं चालते आहे. ओटा समोर दिसतोय आणि मला धीर निघत नाही. मी वाटेतच खाली बसून पाटी उतरवायला जाते आणि सगळी मडकी उतारावर. तू वळत नाहीस, ओझं घेऊन वळता येत नाही. ओट्यावर पाटी ठेवून परत येतेस आणि विचारतेस, "मान ठीक हाय का?" मी हो म्हटल्यावर मग ठेवून देतेस एक पाठीत.

तर कुंभारवाड्यातलं सगळ्यात जुनं माणूस म्हणून मला कचेरीत बोलावलं, खुर्ची दिली, नकाशा दाखवला. मी म्हटलं, "बायांनी पाटी कुठं टेकवायची?" कापडवाले शेठ हसले. "आजी, तीस वर्सांनी डोईवर ओझं कुणीच नेणार न्हाई."

"आन तवर? तवर काय डोकं घरी ठिवून यायचं?"

मौलवीसाहेब दाढीत हसले. शेठ म्हणाले, "एका पाटीचा लई बाऊ करतीस बघ." सून बाहेर भरली पाटी घेऊन बसली होती. मी ती आत आणवली आणि दोघींनी मिळून शेठच्या डोक्यावर चढवली. म्हटलं, "आता कुणाचा हात न लावता उतरवा." माय, तू बघायला हवं होतंस! शेठ कचेरीभर फिरले, खिडकीपाशी गेले, टेबलापाशी गेले, मान ताठ, डोळे वर. "अरे, धरा की बे कुणीतरी!" जावयांनी धरली, हे ते लिहिणार नव्हते, मी लिहायला लावलं.

ओटा वाचला. ठराव सरकारी भाषेत, उर्दूत लिहिला, जावयांनी मराठीत वाचून दाखवला: ओटा कायम, घाटाचं काम सगळ्यात शेवटी, आधी केजकडची वाट. मी अंगठा दिला आणि ताठ मानेनं घरी आले.

सून भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "आत्याबाई, मला वटा नको व्हता."

"म्हंजी?"

"गाडीवाट पायजे व्हती. गाडीत मडकी गेली असती तर पाटी डोईवर कावून घेतली असती?"

"मग तिथं का बोलली न्हाईस?"

"तुमी इचारलं कवा?"

दोन दिवस मी कमेटीच्या नावानं बोटं मोडते आहे. जावयांना म्हटलं, ठराव फिरवा. ते म्हणतात, "मामी, एकमतानं झालाय. तुमचाच अंगठा हाय त्यावर." त्यांचा चेहरा इतका गंभीर की हसावं की लाटणं घ्यावं कळेना. घाटाचं काम होईतोवर तिनं दर खेपेला पाटी घेऊन घाट चढायचा. तीस वर्षं म्हणजे तिचं तारुण्य गं, माझं नाही.

हा कागद कुठं धाडायचा, हे जावईही विचारत नाहीत. राहू दे घरातच. खरं सांगते, कमेटीनं मला निरोप धाडून, खुर्ची देऊन विचारलं तरी. सुनेला विचारायला मला कुठं जायचं होतं? ती तर चुलीपाशीच होती.