तलासरी नाक्यावरची डहाणूची हाक

प्रिय मामा,

तुला लिहायचं म्हणून तीनदा कागद आणला. पहिल्यावर एका ट्रकवाल्याला सिल्वासाचा रस्ता काढून दिला, दुसऱ्यात भजी बांधली गेली. हा तिसरा. खरं सांगू? मी टाळतच होतो. तू गेलास तेव्हा मी कुठे होतो? अच्छाडला ढाब्यावर, कुणाच्या तरी ट्रकातून सुरतेला जायच्या नादात. खांदा द्यायलाही पोचलो नाही.

आज मात्र लिहायलाच हवं. जीपवाले विचारतायत, गिऱ्हाईक बोलवायला मामाच्या जागी उभा राहतोस का? दुपारपर्यंत सांग, नाहीतर दुसरा माणूस बघतो म्हणाले.

तुझी जागा म्हणजे काय, पानटपरीची सावली आणि एक हाक. डहाणूऽऽ! 'ड'ला जीभ टाळूवर आपटायची, 'ह' वाऱ्यावर सुटायचा आणि 'णू' पार पंक्चरवाल्यापर्यंत जायचा. जन्मगावाचं नाव दिवसातून शंभरदा घेऊन कंटाळा कसा नाही आला रे तुला?

तो पाहुणा आठवतो? "दहानू जाना है," म्हणाला. मी म्हटलं, असलं गाव इथे नाही. बिचारा उन्हात हायवेकडे चालू लागला. तू भरलेली जीप थांबवून त्याच्यामागे धावलास, पुढच्या सीटवर बसवलंस. मग मला एवढंच म्हणालास, "नाव त्याच्या जिभेला वळायला वेळ लागेल. तोवर त्याला उन्हात ठेवायचं?"

गाडीत तर ज्याचं त्याचं डहाणू निराळं. गुजराती शेठ 'दहाणु' म्हणणार, कॉलेजची पोरं घाईत 'डाणू'. एक आजोबा सांगायचे, धेनूवरून, म्हणजे गायींवरून नाव पडलं. आणि ती नागली, म्हणजे नाचणी विकणारी आजी? पहिल्यांदा समुद्र बघून नवऱ्याला म्हणाली होती, एवढं पाणी कोण भरून ठेवतं? तू दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसायचास.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तुला ताप होता तेव्हा दोन दिवस मी हाक दिली. डोंगराकडच्या तीन म्हाताऱ्या झाडाखाली बसलेल्या, डहाणूला दवाखान्यात जायच्या. तीन जीपा गेल्या, त्या उठल्याच नाहीत. शेवटी मी विचारलं. एक म्हणाली, "तो बोलावल तवा जाऊ. तो आमाला बसवून देतो, उतरायचं कुठं ते ड्रायवरला सांगतो." मी नुसता ओरडत होतो, मामा. त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं. त्या दिवशी त्यांचा दवाखाना चुकला. तिसऱ्या दिवशी मी पळालो. तापात तूच येऊन उभा राहिलास.

तू रागावला का नाहीस? एक शिवी दिली असतीस तर बरं वाटलं असतं.

आता शब्द देतो. जीपवाल्यांना हो म्हणतोय. शेवटची गाडी सुटेपर्यंत कुठल्याही ट्रकात चढणार नाही. आणि आधी झाडाखाली कोण बसलंय ते बघेन, मगच तोंड उघडेन.

थांब. मामी आलीय! तू नाक्यावर ओरडतोस याची लाज वाटते म्हणून जन्मात इकडे फिरकली नव्हती ना? पिशवी घेऊन टपरीशी उभी आहे. डहाणूला जायचंय म्हणते. म्हटलं, मामी, बस, गाडी लागलीच आहे.

"बसते," म्हणाली. "आधी हाक दे."

तुझा भाचा,
बाळू