उत्तरेच्या गॅलरीतलं ऊन

६ एप्रिल, रविवार. सकाळ.
वीजबिलांनी गांजलेल्या आणि लाइट गेली की वर्तमानपत्राने वारा घेत बसणाऱ्या पुनावळेकर बंधूंनो आणि भगिनींनो.
समोर कोणी नाही, वही आहे. पण तीस वर्षं कंपनीच्या गेटवर भाषणं केली. वाण्याकडे साबण मागायचा असला तरी माझी सुरुवात अशीच होते. गल्लीत मला ‘वक्ते’ म्हणतात. आदराने.
आज गच्चीवर सोलर सुरू झालं. मागच्या दोन रांगा सगळ्यांच्या असतात तशा निजलेल्या. पुढची रांग मात्र मी फ्लेक्ससारखी तिरकी उभी करून घेतली, रस्त्याकडे तोंड करून. लोक फ्लेक्सवर स्वतःचा चेहरा लावतात. मी विचार लावला. सौ. भाग्यश्री म्हणाली, पुढचीही आडवीच ठेवा, अशी कोणी ठेवत नाही. मी म्हणालो, क्रांती आडवी पडत नसते. ती म्हणाली, रोज दुपारी दोनला घोरते ती कोण मग.

८ एप्रिल.
रस्त्यापलीकडच्या टॉवरमधून अजिंक्यचा फोन. चौथ्या मजल्यावर आजीबरोबर राहतो. म्हणतो, काका, दुपारी तुमच्या पॅनेलचा झगझगाट आमच्या गॅलरीत येतो. मी शांतपणे समजावलं: तुमची गॅलरी उत्तरेची, सूर्य दक्षिणेला. उत्तरेच्या गॅलरीत ऊन येऊच शकत नाही. शास्त्र आहे. तो म्हणाला, शास्त्र मान्य आहे काका, पण येतंय.
तरुण पिढी वाचत नाही.

९ एप्रिल.
अजिंक्यची आजी, छबूबाई, काळा चष्मा लावून दारात. टॉवर त्यांच्याच जुन्या रानावर उभा आहे. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट त्या बदल्यात मिळालेला. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी झगझगाट टाळायला सांगितलाय. त्यामुळे गॅलरी बंद, पडदा ओढलेला, बाई आत. एरवी त्या दिवसभर गॅलरीत बसून अख्ख्या गल्लीशी बोलायच्या आणि भाजीवाल्याशी भांडायच्या. म्हणाल्या, वक्ते, त्या बाजूला कंदी ऊन येत न्हाई म्हणून म्या तीच बाजू मागून घेतली. आता खालनं ऊन येतंय. वरचं ऊन छज्जा अडवतो, खालचं कुणी अडवायचं?
मला भरून आलं. ज्या घरात कधी ऊन नव्हतं तिथे मी सूर्य पोचवला. तसं बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, पोचला व्हय, आता माघारी न्या.
संकल्प: छबूबाईंना रोज अर्धा तास सौरऊर्जेचं महत्त्व सांगणे. उद्यापासून.

१० एप्रिल.
सांगितलं नाही. जयंतीची तीन भाषणं आहेत, घसा जपतोय.

१५ एप्रिल.
घसा बसला. त्यात टॉवरच्या सेक्रेटरी नीला मॅडमचा मेसेज: पुढची रांग रविवारपर्यंत आडवी करा, नाहीतर सह्या घेऊन महापालिकेत जाऊ. आजींना घरात कोंडून ठेवल्यासारखं झालंय.
म्हणजे आता प्रतिगामी शक्ती संघटित झाल्या. भाग्यश्री म्हणाली, पाना घरात आहे, अर्ध्या तासाचं काम. मी म्हणालो, आज पाना उचलला तर उद्या काय उचलायला सांगतील? ती म्हणाली, जेवलेलं ताट.

१७ एप्रिल. दुपार.
ठरलं. जाहीर सभा. रविवारी भर बारा वाजता, छबूबाईंच्याच हॉलमध्ये. झगझगाट नाही हे घटनास्थळीच सिद्ध करणार. गॅलरीचा पडदा पूर्ण उघडा. श्रोत्यांची पाठ गॅलरीकडे, म्हणजे बाहेर लक्ष जाणार नाही. मी त्यांच्यासमोर, गॅलरीकडे तोंड करून. नीला मॅडमनी ताबडतोब होकार दिला. खुर्च्याही सोसायटीच्या देतायत. वारं फिरलंय.
मुद्दे बावीस. त्यातले सतरा ऐतिहासिक.

१९ एप्रिल.
तालीम. भाग्यश्रीला दोनदा ऐकवलं. दुसऱ्यांदा ती मध्येच गच्चीवर जाऊन आली. मी तेव्हा सोळाव्या मुद्द्यावर होतो. पाना कुठे ठेवलाय, एवढंच विचारलं. नळ गळत असेल.

२० एप्रिल, रविवार. संध्याकाळ.
सभा झाली. जसं घडलं तसं नोंदवतो.
बाराला पडदा उघडला. मी ‘बंधूंनो’ म्हटलं आणि समोर सगळं पांढरं झालं, भट्टीचं दार उघडावं तसं. श्रोत्यांची काळी डोकी तेवढी दिसत होती, मग तीही दिसेनात. खरा वक्ता डोळ्यांनी बोलत नाही, म्हणून मी डोळे मिटले. तरी पाणी वाहायचं थांबेना. चौथ्या मुद्द्याला कुजबुज सुरू झाली. कोणी बाई म्हणाल्या, अगं, वक्ते रडतायत. अजिंक्य हळूच म्हणाला, आजीसाठी रडतायत. नीला मॅडम नाक पुसत असाव्यात. असा प्रतिसाद मला गेटवरसुद्धा कधी मिळाला नव्हता. मी आवाज चढवला. खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. लोक उभे राहून ऐकतायत, हे जाणवलं.
अकराव्या मुद्द्याला पापण्यांमागचा लाल उजेड हळूहळू विझला. बोलता बोलता सूर्याला मागे सारणारा वक्ता मी तरी आजवर पाहिला नव्हता. डोळे उघडले.
हॉलमध्ये फक्त खुर्च्या आणि पंखा. गॅलरीत स्टूल टाकून छबूबाई बसलेल्या, पाठ माझ्याकडे. खाली भाजीवाल्याला मेथी शिळी आहे म्हणून झापत होत्या. समोर माझ्या गच्चीवर माझी सगळी सभा. पुढच्या रांगेची तीन पॅनेल आडवी झालेली. चौथं धरून अजिंक्य शिडीवर. मधोमध भाग्यश्री, हातात पाना, नीला मॅडमना इकडे दाबा, तिकडे दाबा सांगत होती.
छबूबाई वळल्या. म्हणाल्या, रडलात ते ब्येस झालं. पोरास्नी लई लागलं, पळतच गेली.
मी खुलासा करणार होतो. शिवाय अकरा मुद्दे शिल्लक होते, आणि ते जास्त चांगले होते. निदान ऐतिहासिक तरी ऐका म्हणालो.
त्यांनी काळा चष्मा काढला, माझ्या गच्चीकडे नीट निरखून बघितलं आणि म्हणाल्या, ऱ्हाऊ द्या आता. आमचा अजिंक्य वर चढलाय आन् शिडी हालतीया. बोलू नगा वक्ते, जावा आन् शिडी धरा.