चटणी निवेपर्यंत

विचियनबुरी,
२७ मार्च

प्रिय रंपई,

तुझा निरोप मिळाला. 'ताई, सगळं आईच्या मापानं घालतेय, तरी बाटलीतल्या चटणीला घरची चव येत नाही. काय राहिलं तेवढं कळव.' आईची चौकशी नाही, माझी नाही. वाचून अंगाचा तिळपापड झाला. आपल्या टपरीत निखाऱ्यावर भाजायला ठेवलेल्या दोन कोंबड्या करपल्या, त्या दुपारी आम्हालाच खाव्या लागल्या.

गेल्या एप्रिलात सोंगक्रानच्या, नव्या वर्षाच्या सणाला तू सहा वर्षांनी बँकॉकहून घरी आलीस. मी वेडी, तासभर आधीच बसथांब्यावर जाऊन उभी राहिले. मला वाटलं, आमच्यासाठी आलीस. पिशवी खाली ठेवायच्या आत तू म्हणालीस, "आई, तुझी चटणी शिकव ना मला." आईला कोण आनंद! लहानपणी तू खलबत्त्याच्या आसपासही फिरकायची नाहीस. मिरची डोळ्यांत जाते म्हणून आधीच रडायला लागायचीस आणि तुझ्या वाटची मीच कुटायची. आई म्हणायची, "हिला असा नवरा बघावा लागेल, जो चटणी विकत आणेल." तू मात्र चटणी विकणारीच निघालीस.

आईनं तुला काही म्हणजे काही लपवलं नाही. लाल मिरच्यांच्या निम्म्या बिया काढायच्या. खलात आधी मीठ टाकायचं, म्हणजे मिरची तोंडावर उडत नाही. मग लसूण आणि कोथिंबिरीची मुळं. कुटायचं ते ओबडधोबडच, गंधासारखं मऊ केलं की आई ओरडते. पुढे ताडगूळ, चिंचेचा कोळ, थोडं व्हिनेगर, आणि मंद आच. चमच्यावरून थेंब जड होऊन पडायला लागला की उतरवायचं. बिया तरंगत राहिल्या तर जमली, तळाला बसल्या तर फसली. तू आईची प्रत्येक मूठ काट्यावर रिकामी करून घेतलीस आणि वहीत लिहिलंस. आई हसून म्हणाली, "माझी मूठ काय सोन्याची आहे गं?" भांडं चुलीवरून उतरलं आणि तुझी चारची बस आली. आई म्हणत होती, "अगं, निवू तरी दे." तू तिच्या गालाला गाल लावलास आणि पळालीस.

पण मला छळते ती आदल्या दिवसाची गोष्ट. सणाची सकाळ होती. आपण दोघी आईच्या हातांवर चमेलीचं पाणी घालून आशीर्वाद घेणार होतो. मी घातलं तेव्हा आईनं नेहमीसारखे दोन्ही हात पुढे केले. तुझी पाळी आली आणि तू फोन समोर धरून म्हणालीस, "आई, एकच हात कर ना, उजवा. उजेड छान पडतोय." एकच हात पुढे येतो तो मेलेल्या माणसाचा, शेवटचं पाणी घालायला चादरीतून बाहेर काढलेला, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. आईसुद्धा म्हणाली, "एकच? मेले की काय मी?" आणि तरीही तिनं हात पुढे केला, कारण तू मागितलास. पाण्याचं भांडं माझ्याच हातात होतं. माझ्या काही ध्यानात आलं नाही, याचा मला स्वतःचा अजून राग येतो.

ऑक्टोबरात शेजारच्या वेव्हनं फोनवर तुझी जाहिरात दाखवली. सुरकुतलेला एक हात, त्यावरून ओघळणारं पाणी आणि तुझा रडवेला आवाज: "आईला शेवटचं पाणी घातलं तेव्हाच ठरवलं, तिची चव मरू द्यायची नाही." मेली असं तू कुठेच म्हणाली नाहीस. तेवढी हुशार तू पहिल्यापासूनच. बाटलीवर 'आई बुनरुआनची चटणी' आणि तिचा काळापांढरा फोटो. मी वेव्हच्या पाया पडले, आईला कळू देऊ नकोस म्हणून. दुकानात तुझ्या बाटल्या दिसल्या की त्यांची तोंडं भिंतीकडे फिरवायची, ही तीन महिने माझी नोकरी होती.

जानेवारीत साराबुरीची एक बाई नवऱ्याबरोबर आपल्या टपरीवर जेवायला थांबली. आईला पाहिलं आणि तिच्या हातातला घास खाली पडला. "अहो, या तर वारल्या ना?" तिनं पिशवीतून बाटलीच काढली. आईनं बाटली हातात घेतली, फोटो पाहिला, आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "वारले होते. पण हिला एकटीला मिरची कुटवेना, म्हणून परत आले." सगळे पोट धरून हसले. मी हसू शकले नाही. ते गेल्यावर आईनं बोटावर चटणी घेऊन चाखली. "बिया तळाला बसल्यात," एवढंच बोलली. संध्याकाळी चिकट भाताचा गोळा उजव्या हातात घेऊन ती कितीतरी वेळ त्या हाताकडेच बघत बसली, मग गोळा परत टोपलीत ठेवला. रंपई, मला तू फसवलंस ते मी सोसलं असतं. आईला तू तिच्याच हातानं फसवलंस.

तुझ्या निरोपाला उत्तर द्यायचंच नाही असं मी ठरवलं होतं. पण करपलेल्या कोंबड्या बघून आईनं ओळखलं आणि निरोप मोठ्यानं वाचायला लावला. म्हणाली, "लिही तिला." आयुष्यात पहिल्यांदा मी आईवर ओरडले, "जितेपणी मारलं तिनं तुला, आणि तू तिला चव सांगणार?" आई म्हणाली, "सांगत नाहीये. चटणी पार निवल्यावर तिच्यात एक वस्तू पडते. ही तेव्हा बसमध्ये होती. तेरा एप्रिलला, सणाला ये म्हणावं. मी दोन्ही हात पुढे करीन. पाणी घाल, मग चटणी करू आणि ती निवेपर्यंत माझ्याजवळ बस. काय राहिलं ते तेव्हा दाखवीन." ती वस्तू मला ठाऊक आहे, पण लिहिणार नाही. मी तुला माफ केलेलं नाही, आणि कधी करीन असंही वाटत नाही. पण आई रोज सकाळी चमेलीच्या कळ्या मोजते, तेरा तारखेपर्यंत पुरतील ना म्हणून. यायचं तर फोन न काढता ये. नाही आलीस, तर गेल्या सणाला तू खरंच शेवटचं पाणी घातलंस असं आम्ही समजू.

'तुझीच' लिहायला हात वळत नाही, पण आई शेजारी बसून बघतेय, म्हणून,

तुझीच,
जम्पाताई