नीतिशास्त्र, गोधडीत गुंडाळलेलं

४ मे, रविवार
मुकुंदवाडीत पाणी आठवड्यातून एकदा येतं, अक्कल तेवढीही येत नाही. गल्लीत जो तो नळालाच मोटर जोडून पाणी ओढतो. शेवटच्या घरी केसरबाईंच्या नळाला नुसती हवा. त्यात त्यांची सून बाळंतीण. पण इथं कोणाला काय त्याचं. नीतिशास्त्राचा प्राध्यापक शेजारी राहतो, ही यांना फुकटची शोभा.
शेवटी मीच मीटिंग घेतली. कर्तव्यवाद समजावला: जे सगळ्यांनी केलं तर चालणार नाही, ते एकट्यानंही करायचं नाही. किराणावाले अप्पाराव पेंगत होते. तरी गुरुवारी कोणी मोटर लावणार नाही, असा सगळ्यांकडून शब्द घेतला. पहिला शब्द माझा.

६ मे
ही माणसं कसली शब्द पाळतात. अप्पारावांचं तोंड बघूनच कळतं. सगळे मोडणार आणि मी एकटा पाळणार, याला कर्तव्य नाही, बावळटपणा म्हणतात.
करुणा म्हणाली, शब्द तुम्हीच घेतला होता ना. बायकोला थिअरी कळत नाही.

८ मे, सकाळ
उपयुक्ततावाद जास्त मॅच्युअर आहे. जास्तीत जास्त लोकांचं हित. मी अंघोळ करून फ्रेश वर्गात गेलो तर अख्ख्या वर्गाचं हित. केसरबाईंकडे माणसं चार, तीही बाळ धरून. विषय संपला.

संध्याकाळ
पाणी आलं. मोटर गोधडीत गुंडाळून लावली. आवाजाचा प्रश्न नाही, धूळ बसू नये म्हणून. प्रेशर कधी नव्हे इतकं. बाकीच्यांच्या मोटरी बिघडल्या असाव्यात.

नंतर
केसरबाई कळशी घेऊन दारात. म्हणाल्या, सर, तुमच्या शब्दाखातर समद्यांनी मोटरी काढल्या. अप्पारावनं तर फुलंब्रीला भावाकडं धाडली. तरी आमच्याकडं एकच हंडा आला बघा. तुम्हाला तेवढंबी मिळालं नसंल, म्हणून अर्धी कळशी आणली.
तेवढ्यात गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली. धार थेट त्यांच्या डोक्यावर. त्यांनी वर पाहिलं. मग गोधडीकडं पाहिलं.
कळशीतलं पाणी आमच्या माठात ओतलं. द्यायचं म्हणून आणलं होतं, म्हणाल्या. मग रिकामी कळशी धारेखाली धरली. मागोमाग गल्ली बादल्या घेऊन आली. अप्पाराव रांगेत पहिले. मोटर बंद करायची सोय राहिली नाही.

९ मे
सद्गुणवाद नव्याने वाचायला घेतला. करुणा प्यायला त्याच माठातलं पाणी देते.
तहान नाही.