चातुर्मासातली किडकी वांगी

आई, आज सकाळी सुनेनं वांगं चिरलं, आत अळी निघाली आणि ती "ईऽऽ" करत दोन पावलं मागे सरकली. मी ते वांगं तिच्या हातातून घेतलं आणि मागच्या मेंदीच्या कुंपणावर ठेवून आले. "कोणासाठी ठेवलं, आई?" तिनं विचारलं. ते एका वाक्यात सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून इथे अकोल्यात, दुपारची भांडी व्हायच्या आत, तुलाच लिहायला बसले.

राजापेठेतलं आपलं घर आठवतं? बाबांची भिक्षुकी, सोवळंओवळं, कांदासुद्धा बेतानं. आणि अशा घरात तू गल्लीतल्या पोरांनी दगड मारून पाडलेला सरडा पदरात घालून आणलास. मागचा एक पाय लोंबत होता. दूध ठेवायचं जुनं जाळीचं कपाट रिकामं करून त्यात तू त्याला ठेवलंस, आणि भटाच्या घरचा झाला म्हणून त्याच्यापुढे दूधभात! एकादशीला भगर, दाण्याची आमटी. तो एक डोळा तुझ्याकडे, एक आमटीकडे फिरवायचा, पण तोंड काही उघडायचा नाही. पाठीची हाडं दिसायला लागली. तुझंही जेवण कमी झालं.

मग कांदेनवमी आली. दोनच दिवसांनी चातुर्मास लागणार, वांगी चार महिने घरात यायची नाहीत, म्हणून भरताच्या वांग्यांची मोठी पाटी आणलेली. तू वांगी निवडत बसली आहेस. एका वांग्यातून गुलाबी अळी निघते, तू नेहमीसारखी ती अंगणात सोडायला उठतेस, आणि वाटेत कपाटापाशी थांबतेस. जाळीचं दार किलकिलं करतेस. गट्ट! तुझा चेहरा मला आत्ताही दिसतो. पोटच्या पोरानं पहिला घास खावा तसा.

बाबा संध्या आटोपून आले होते. "अगं, किडामुंगीसाठी आपण घास काढतो. किडामुंगीचा घास करत नाही."

तुझं माहेर अकोटचं, बोली शेतातली. "त्याचा धर्म त्याले, आपला आपल्याले. तुमी काय त्याची मुंज लावली?"

बाबांनी उपरणं तोंडाशी नेलं. त्यांना हसू आलं की राग, उपरण्याआड कळलं नाही.

नुसत्या अळीनं भागत नाही, हेही तूच शोधलंस. कोणतं पुस्तक तू वाचलं होतंस? कुंपणावरचे नाकतोडे धरून मडक्यात ठेवायचीस, वर फडकं बांधायचीस, आत मेथीची पानं आणि दुधीची सालं. दोन दिवस त्यांना खाऊ घालून मग सरड्याला. मी म्हटलं, मरायचंच आहे त्यांना, तर एवढं कौतुक कशाला? तू म्हणालीस, "उपाशी किड्यात काय कस राहीन? गाईनं सरकीची ढेप खाल्ली तं दुधाले सत्त्व येते, तसंच हे." सोबत लाल भोपळ्याचा कीस, जास्वंदीची पाकळी. कधी खायचा, कधी तुडवायचा. पण पाठ भरायला लागली, आणि रागावला की गळा लालभडक फुगवायला लागला.

भर चातुर्मासात तू बाजारात जाऊन किडकी वांगी मागितलीस, आणि तिथे घोटाळा झाला. माळीण म्हणाली, "काहून वो बाई, भटजीच्या घरी आता वांगे? अन् तेही किडके?" तू घाईत होतीस. "घरी खाणारा आहे," एवढंच बोललीस. झालं! आठ दिवसांत गल्लीभर झालं, भटजी चातुर्मासात वांगी खातात. बाबांच्या जुन्या यजमानांकडची श्रावणातली सत्यनारायणाची पूजा दुसऱ्याला गेली. बाबा घरी आले ते टोपी न काढताच पाटावर बसले. "एकाची गेली, उद्या सगळ्यांची जाईल. सोडून दे तो सरडा."

"त्याच्या पायानं जोर नाही धरला अजून. कावळा नेईन." एवढं म्हणून तू चूल फुंकत राहिलीस.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तू ते कपाट ओट्यावर आणून ठेवलंस आणि शेजारी वांग्यांची पाटी घेऊन, विळी उघडून बसलीस. येणाराजाणारा थबकायचा. शेवटी त्या यजमानीणबाईच आल्या, कंबरेवर हात ठेवून. तू मान वर केलीस. "या न. हा पाहा आमचा खाणारा." आणि अळी आत सोडलीस.

"माय वो! हे तं गटकन गिळून राह्यलं!" बाई मट्‌कन पायरीवरच बसल्या, आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की समोरच्या खिडक्या उघडल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून पानाचा द्रोण आला. आत भेंडीतल्या अळ्या, आणि निरोप: पाहुण्यासाठी, अन् पूजेला भटजींनीच यावं.

त्या पूजेहून बाबा परतले. उपरण्याची गाठ सोडली, सुपारी काढली, आणि मागोमाग एक हिरवागार नाकतोडा. "वाटेत दिसला," म्हणाले, आणि तुझ्याकडे न बघता पाय धुवायला गेले. तू त्या दिवशी त्यांना भातावर दुप्पट तूप वाढलंस.

दिवाळीनंतर सरडा कुंपणावर सोडलास. थोडा लंगडत गेला, पण गेला.

हे पत्र मी कुठे पाठवणार! मिटून उशीखाली ठेवीन. पण एक सांगते, जे तेव्हा बोलले नाही. मला त्या सरड्याची शेवटपर्यंत किळस यायची. मी कपाटापाशी बसायची ती तू तिथे बसायचीस म्हणून. दिवसभरात तेवढ्याच वेळी तू कुठे तरी टेकायचीस.