कडी तुझ्या बाजूला

लातूर,
२ मे १९८६

प्रिय सिंधु,

हे पत्र मुद्दाम नांदेडला कोर्टाच्या पत्त्यावर पाठवते आहे. घरी शेषेराव आणि मुलं असतील. तू आधी एकटीने वाच. मग त्यांना दाखवायचं की नाही, ते तू ठरव.

मागे चाकूरला मावशीकडे भेटलो तेव्हा तू म्हणालीस, "लातूर जिल्हा झाला, कोर्ट मोठं झालं, सगळं खरं. पण त्या घरात मी ऑफिस थाटणार नाही, आई." तरी मी ते करून घेतलं. आपल्या गल्लीत वकिलांच्या चार पाट्या लागल्या आहेत. पाचवी तुझी लागावी अशी फार इच्छा होती. ओसरीला भिंत घालून समोरची खोली वेगळी काढली. तिला दोन दारं आहेत, एक रस्त्याकडून, एक घरातून.

सुतार उदगीरचा, संगप्पा नावाचा. तीन आठवडे अंगणात लिंबाखाली बसला होता. नळ आठ दिवसांनी येतो. पटाशीला धार लावायला त्याला वाटीभर पाणी द्यायचे, तेच गढूळ पाणी झाकून ठेवून तो दुसऱ्या दिवशी वापरायचा. "बाई, तुमच्या घरी चहा मागाय काही वाटत न्हाई, पाणी मागायची लाज वाटायली," म्हणायचा. रस्त्याचं दार किनवटच्या सागाचं, दोन फळ्यांचं. वरच्या अर्ध्या भागाला दाणेदार काच आहे, आत उजेड येतो पण माणूस दिसत नाही. नवऱ्याविरुद्ध तक्रार घेऊन आलेल्या बाईला रस्त्यावरून कुणी ओळखू नये, असं तूच एकदा म्हणाली होतीस. खाली त्याने बोटभर फट ठेवली. आता लाकूड वाळलंय, पाऊस झाला की फुगंल, म्हणाला. मी विचारलं, कधी होणार तो पाऊस? तर म्हणतो, "मी फट ठेवायलो बाई. पाऊस आणायचं काम वरच्याचं."

आतलं दार नवीन नाही. ते आपलं जुनं पुढचं दार आहे, तू लगेच ओळखशील. खालच्या फळीवर तू दाभणाने कोरलेलं 'सिं' मी त्याला रंधायला दिलं नाही. ते दार मी उलटं बसवून घेतलं. त्यामुळे त्याची कडी आता घराच्या बाजूला नाही, ऑफिसच्या बाजूला आली आहे. संगप्पा ऐकेना. "घरच्या दाराची कडी घरच्याच्या हातात असती. येणाऱ्या माणसाच्या हातात कुणी देतं का?" तुझ्या बाबांची वाचा दिवाळीत गेली, हे तुला माहीत आहे. डावा हात तेवढा हलतो. ते पलंगावरून हे सगळं ऐकत होते. त्यांनी तो हात उचलला आणि ऑफिसकडे बोट दाखवलं. दोनदा. "मालक बी उलटंच सांगायलेत," असं म्हणत संगप्पाने दार बसवलं.

सिंधु, सात वर्षांपूर्वीची ती दुपार मला पुन्हा लिहावी लागते आहे. तू आणि शेषेराव रजिस्टर लग्न करून बसस्टँडवरून थेट घरी आलात. बाबांची सायकल भिंतीला टेकलेली होती. तू हाक मारलीस, "बाबा, मी आलेय!" तीनदा मारलीस. आतून कडी सरकल्याचा आवाज तुम्ही दोघांनी ऐकलात. त्यानंतर या घराची पायरी तू चढली नाहीस. बाबांना दिवाळीत झटका आला तेव्हाही नाही. मला मात्र दर सहा महिन्यांनी चाकूरला भेटत आलीस. माझे पाय दाबलेस, मला औषधं आणून दिलीस.

सायकलचं चाक पंक्चर होतं. बाबा पायीच शाळेत गेले होते. घरात मी एकटी होते.

मी खिडकीतून तुम्हाला येताना पाहिलं. समोरच्या ओट्यावर कोंडाबाई गहू निवडत होती, ती थांबली, सूप मांडीवर ठेवून शेषेरावांकडे बघत राहिली. शिकताना कॉन्व्हेंटात मी सगळ्या जातींच्या मुलींच्या डब्यातलं खाल्लं होतं, त्याचा मला केवढा अभिमान होता. कोंडाबाईच्या एका नजरेपुढे तो टिकला नाही. कडी मी लावली. तू 'बाबा' म्हणून हाका मारत होतीस, 'आई' अशी एकदाही नाही. आई असं करील हे तुझ्या मनातही आलं नाही.

संध्याकाळी मी त्यांना सांगितलं. ते तसेच तुला शोधायला बसस्टँडवर गेले, तोवर गाडी सुटली होती. परत येऊन म्हणाले, "माझंच नाव राहू दे. पोरगी बापावाचून राहील, आईवाचून राहायची नाही." मी ते राहू दिलं. आता त्यांना खरं सांगायचं असतं तरी सांगता येणार नाही.

डॉक्टर आठवडा म्हणतात, फार तर दोन. त्यांचा पलंग मी कालच तुझ्या ऑफिसात हलवला आहे. शेषेरावांना, मुलांना घेऊन ये. रस्त्याच्या दाराने ये, ते उघडंच असेल. त्यांच्याजवळ हवं तितकं बस. आतल्या दाराला कडी लावून घे. मी वाजवणार नाही. 'बाबा' म्हणून हाक मारलीस की मला इकडे ऐकू येईल, तेवढं पुरे.

तुझीच, अजूनही म्हणू दिलंस तर,
आई